ताई, आमच्या देवघेवीच्या नोंदी तुमच्यामुळे परत मिळाल्या

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर नीट आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

आमच्या वाचनालयाची देवघेव मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालते, आणि सगळा डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये. त्या आठवड्यात एका आजोबांचा मोबाइल नंबर बदलला आणि त्यांच्या खात्यावरच्या 37 नोंदी नाहीशा झाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांच्या. डिलीटची ओळ मी कुठेच लिहिलेली नव्हती. सभासदांच्या टेबलावर डिलीट ट्रिगर होता, म्हणजे ओळ काढली की आपोआप लॉगमध्ये टिपून ठेवणारा कोड, पण तो लॉगही कोरा. फाइलच खराब झाली, असं मी धरून चाललो होतो.

तुम्ही एवढंच विचारलंत, "इतक्यात काय बदललंस?" फॉरेन की, म्हणजे एका टेबलातल्या नोंदी दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारे नियम, चालू केल्या होत्या. एसक्यूलाइटमध्ये त्या सहसा बंदच असतात, दर कनेक्शनला प्राग्मा, म्हणजे सेटिंगची आज्ञा, द्यावा लागतो, हे वाचून ती ओळ घातली होती. मग रात्री साडेदहाला तुम्ही मला कोऱ्या फाइलमध्ये दोन टेबलं करायला लावलीत. एक सभासद, त्याच्या तीन नोंदी. "आता तुझी नंबर बदलायची ओळ चालव." चालवली. सभासद जागेवर, नोंदी शून्य.

माझ्या त्या आज्ञेतलं 'इन्सर्ट ऑर रिप्लेस' टेबलातली जुनी ओळ बदलत नाही. ती काढून टाकतं आणि नवी घालतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. ओळ निघाली की फॉरेन कीवरचा 'ऑन डिलीट कॅस्केड' हा नियम तिला जोडलेली देवघेवही पुसून टाकतो. फॉरेन की बंद होत्या तोवर हे कधी जाणवलंच नाही. आणि रिप्लेसने काढलेल्या ओळीसाठी डिलीट ट्रिगर चालतो तो 'रिकर्सिव्ह ट्रिगर' हे सेटिंग चालू असेल तरच. लॉग कोरा का, तेही उलगडलं!

आता तिथे 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' आहे, ते जुनी ओळ न काढता तीच बदलतं. ही सोय 2018 मध्ये 3.24.0 आवृत्तीत आली. आमच्या संगणकावरची आवृत्ती आधी तपासायला तुम्हीच सांगितलंत. उत्तर तुम्हाला पहिल्या मिनिटाला कळलं असणार. तरी तासभर थांबून ते माझ्या हातून काढून घेतलंत, याचं मोल मला फार वाटतं.

पेन ड्राइव्हवरच्या प्रतीतून आणि कागदी रजिस्टरवरून सगळ्या नोंदी परत भरल्या. आजोबांच्या 37 च्या 37 जुळल्या. काल ते पुस्तक बदलायला आले होते, त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. तुम्हाला नमस्कार कळवायला सांगितलाय त्यांनी.

तुमचा,
वाचनालयातला धाकटा भाऊ