सर, तुम्ही आत्याला हत्तींबद्दल विचारलंत

आदरणीय सर,

सविनय जय भीम.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण आमची टिंगलही चारचौघांतच झाली होती.

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. खापरपणजोबा पलटणीबरोबर बोटीत बसून हबशांच्या मुलखात लढाईला गेले, तिथल्या राजाचा डोंगरी किल्ला पडला, आणि ते चांदीचं पदक घेऊन परत आले. पदक पुढे गहाण पडलं ते सुटलंच नाही. मागे राहिला तो पेन्शनचा एक कागद, घड्यांवर विरलेला, आणि आत्याच्या तोंडची गोष्ट. आत्याने ती तिच्या आजीकडून ऐकलेली. म्हणजे खापरपणजोबांच्या सख्ख्या सुनेकडून.

ही गोष्ट घेऊन आम्ही बरेच उंबरे झिजवले. एका कार्यालयात साहेबांनी कागद हातात न घेताच सांगितलं, "तुमच्यातलं कोण त्या काळी समुद्रापार जाणार?" इतिहासाचे अभ्यासक म्हणवणाऱ्या एकांनी आत्यासमोर हसून विचारलं, "हत्ती आफ्रिकेत मुंबईहून नेले? मग आगगाडीही नेली असेल!" आणि एक महाभाग तर थेट म्हणाले, पैसे टाका, राजमुद्रेचं सर्टिफिकेट करून देतो, भिंतीवर लावा. आम्हाला भिंत सजवायची नव्हती हो. आमचा माणूस खरोखर कुठे गेला होता, एवढंच हवं होतं.

त्या हसण्यानंतर आत्या गोष्ट सांगताना हत्ती गाळायला लागली. पोरांना सांगतानासुद्धा. तुम्हाला हे माहीत नव्हतं.

तुम्ही घरी आलात तेव्हा मी कागदांची फाईल पुढे केली. ती तुम्ही बाजूला ठेवलीत आणि खुर्ची ओढून आत्यासमोर बसलात. "आत्याबाई, आधी तुमच्याकडून ऐकू द्या." तिने सांगितलं. बोट, खारं पाणी, उन्हाने मरणारी खेचरं, डोंगर. हत्तींपाशी ती अडखळली आणि पुढे गेली. तुम्ही लगेच काही बोलला नाहीत. तिचं सांगून झाल्यावर हळूच विचारलंत, "आणि हत्ती? हत्तींबद्दल काही सांगायच्या का आजी?" आत्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग तुम्ही विचारलंत, "त्यांच्या पाठीवर काय असायचं?"

ती म्हणाली, "तोफा."

"बरोबर. तोफाच होत्या."

सर, तुम्ही पुढे आमच्यासाठी पुष्कळ केलंत, पण माझ्या मनात हेच घर करून बसलंय. जे शरमेपोटी तिने गिळून टाकलं होतं, ते तुम्ही मान देऊन तिच्याकडून मागून घेतलंत. त्या दिवशी आत्या रात्री उशिरापर्यंत बोलत होती. पोरांना परत सगळी गोष्ट, हत्तींसकट.

जे हसले त्यांच्यासाठी तुम्ही सांगितलेलं इथे लिहितो. १८६७-६८ची ही अबिसिनियाची मोहीम, म्हणजे आजच्या इथिओपियातली. सम्राट टेवोड्रोसच्या पत्राला राणी व्हिक्टोरियाकडून उत्तर गेलं नाही, त्याने ब्रिटिश सरकारच्या वकिलाला, म्हणजे कॉन्सलला, आणि इतर युरोपियनांना कैदेत टाकलं, आणि त्यांना सोडवायला मुंबईच्या फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर सुमारे १३,००० सैनिक घेऊन निघाला. हत्ती होते ४४, सगळे हिंदुस्थानातून नेलेले. तांबड्या समुद्रावरच्या झुला बंदरावर पिण्याचं पाणी नव्हतं म्हणून जहाजांच्या यंत्रांवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून ते गोडं करायचे. आत्याची "खारं पाणी उकळून प्यायचे" ही ओळ तिथली. आणि त्या अभ्यासकांना कुणीतरी जरूर कळवा, आगगाडीसुद्धा नेली होती. बंदरापासून डोंगराच्या पायथ्याकडे रूळ टाकले होते.

पदकाचंही तसंच. आत्या म्हणायची, राणी चांदणीत बसलेली आणि मागच्या बाजूला मधोमध आपलं नाव. तुम्ही त्या पदकाचं चित्र दाखवलंत. राणीच्या चेहऱ्याभोवती नऊ टोकांची चांदणी, टोकांच्या मधल्या जागांत अबिसिनियाची नऊ इंग्रजी अक्षरं, आणि पाठीमागे हारात शिपायाचं नाव. बहुतेक पदकांवर नाव कडेला कोरतात, इथे ते पाठीवर मधोमध येतं. न पाहिलेल्या पदकाची ही खूण आत्याला कुठून सुचणार होती?

तुम्ही आम्हाला गोड वाटेल तेवढंच सांगितलं नाहीत, याचेही आभार. पेन्शनच्या कागदावरची पलटण आणि शिपायाचा नंबर तुम्ही मोहिमेवर गेलेल्या शिपायांच्या यादीशी जुळवलात. १०वी मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री, जी पुढे ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. ते गेले होते, हे नक्की. पण १३ एप्रिल १८६८ला टेवोड्रोसचा मक्दाला किल्ला पडला तेव्हा ते किल्ल्यावर नव्हते. त्यांची तुकडी मागे सेनाफेच्या ठाण्यावर रसदेची वाट राखत होती. माझ्या चुलतभावाचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, झुल्याहून वर चढणारा प्रत्येक हत्ती, प्रत्येक पखाल, प्रत्येक तोफ त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असणार. म्हणून तर गोष्टीत लढाई कमी आणि हत्ती जास्त. जवळजवळ ४०० मैलांची वाट होती ती, आणि ती कुणीतरी राखली म्हणूनच पुढचे पोहोचले.

आणि ती लढाई कसली होती, हेही तुम्ही लपवलं नाहीत. १० एप्रिलला अरोगीच्या माळावर इथिओपियाची शेकडो माणसं पडली, इंग्रजांच्या बाजूची मोजून दोन. टेवोड्रोसने स्वतःला गोळी घातली. चर्चमधल्या पोथ्या लुटून नेल्या, त्यातल्या कित्येक अजून लंडनलाच आहेत. राजाचा लहान मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला, तो १८७९ साली अठराव्या वर्षी तिथेच वारला. आत्या त्या पोराचं वय ऐकून गप्प झाली, आणि मग तिने विचारलं की त्याची आई कुठे होती. वाटेतच वारली, हे तुम्ही सांगितलंत. आम्हाला अभिमान वाटतो आणि हेही सलतं. दोन्ही आमचंच आहे.

सलणारं आणखी एक. ज्यांनी ती वाट राखली, त्यांच्याच मुलानातवंडांना १८९०च्या दशकात महार हे लढवय्ये नाहीत म्हणून भरतीच बंद झाली. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांना, स्वतः पलटणीत नोकरी केलेल्या माणसाला, सरकारकडे अर्ज करावा लागला. आणि वर सव्वाशे वर्षांनी एक साहेब विचारतात, तुमच्यातलं कोण जाणार! ज्यांच्या हाती कागद असतात ते दुसऱ्याला खोटं ठरवायला फार लवकर तयार होतात. समोरचा म्हातारा माणूस खरं बोलत असेल, असं धरून चालायला काय लागतं? तुमच्याकडे ते होतं. ज्ञान तर पुष्कळांकडे असतं.

यादीचं पान पाठवताना तुम्ही सोबत स्वतःच्या हाताने एक कागद लिहून पाठवलात. खापरपणजोबांच्या वरची आणि खालची नावं, देवनागरीत. त्यातली कितीतरी "नाक"ने संपणारी, म्हणजे महार शिपायांची, आपल्याच माणसांची. खाली तुमची ओळ : "हे सगळे एकत्र होते. यांच्या घरचेही कुणीतरी शोधत असतील." आम्ही त्या कामाला लागलोय. दोन नावं आमच्या शेजारच्या गावात सांगितली जातात, तिथल्या लोकांशी बोलणं सुरू आहे. त्यांना तुमचा पत्ता देऊ का, तेवढं कळवा.

तुम्ही प्रवासखर्चही घेतला नाहीत, त्यावर आत्या अजून रागावलेली आहे. पाऊस उघडला की या, वहिनींनाही घेऊन या. तिला खेचरांबद्दल आणखी काही आठवलंय आणि ते ती मला सांगत नाही, सरांनाच सांगेन म्हणते.

आपला ऋणी,
आत्याचा भाचा