नोकरी सोडलेली नाही, रजा घेतली आहे

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते आणि बाबांकडे फोन देते, आणि बाबांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो. म्हणून लिहितेय. पत्र शेवटपर्यंत वाचा, मग दादाला फोन करा.

जानेवारीपासून मी सहा महिने बिनपगारी रजा घेतली आहे. मंजूरही झाली. नोकरी सोडलेली नाही, परत घेतील असं लेखी आहे. ग्रीन कार्ड असल्यामुळे व्हिसाची भानगड नाही. इन्शुरन्स तुमच्या जावयाच्या कंपनीचा आहे आणि घराचे हप्ते चुकणार नाहीत एवढे पैसे बाजूला काढून ठेवलेत. जावयाला आधी विचारलं होतं (बाबा, खरंच विचारलं). पण यंदा डिसेंबरात सांगलीला येणं जमणार नाही. रजा सुरू व्हायच्या आत ऑफिसातलं काम हातावेगळं करून द्यायचंय.

इथे कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात विज्ञानकथांचा फार मोठा संग्रह आहे. पुस्तकं तर आहेतच, शिवाय १९३०-४०च्या काळात विज्ञानकथेच्या वेड्या वाचकांनी पदरमोड करून काढलेल्या अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. बाबा, तुमच्या नाटकाच्या संहिता सायक्लोस्टाइल करून यायच्या ना, बोटांना शाई लागायची, तसलेच ते अंक. मला ते वाचायचेत, एका बाईसाठी. तिच्याबद्दल मराठीत लिहायचंय.

आई, तू विचारशील, ही कोण तुझी? कोणी नाही. मर्टल डग्लस तिचं नाव, पण त्या मंडळींत सगळे तिला मोरोजो म्हणायचे. जन्म १९०४चा. पदरी एक मुलगा होता. एस्परांतो नावाच्या मुद्दाम बनवलेल्या भाषेच्या नादातून तिची फॉरेस्ट ॲकरमन या तसल्याच एका वेड्या वाचकाशी ओळख झाली. तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान. (आई, भुवया खाली कर.) लॉस एंजेलिसच्या विज्ञानकथा मंडळात दोघं असायची. दर गुरुवारी क्लिफ्टनच्या कॅफेटेरियात बैठक, आणि तिथे येणाऱ्या पोरांमध्ये पुढे मोठा लेखक झालेला रे ब्रॅडबरीसुद्धा. बहुतेक सगळे विशीच्या आसपासचे पुरुष आणि त्यांच्यात ही पस्तिशीची बाई.

जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथेचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. जागतिक म्हणायचं कारण, त्याच वर्षी त्या शहरात मोठं जागतिक प्रदर्शन चालू होतं. माणसं दोनशेच्या आसपास. मोरोजो आणि ॲकरमन तिथे भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून गेले. फ्रँक पॉल नावाचा चित्रकार मासिकांसाठी चित्रं काढायचा, त्यातल्यासारखे झगे. बाकी सगळे साध्या कपड्यांत, हे दोघंच असे. रस्त्यावरची पोरं बक रॉजर्स (चित्रकथेतला अंतराळवीर) म्हणून ओरडायची, असं ॲकरमन पुढे सांगायचा. पुढच्या वर्षी शिकागोला आणखी लोक वेश करून आले, आणि मग ती चालच पडली. आज दादाची लेक मुंबईच्या कॉमिक कॉनला जाते, तू तिला गेल्या वर्षी तो जांभळा झगा शिवून दिलास, त्याचं मूळ इथे आहे.

ते दोन्ही पोशाख मोरोजोने शिवले होते.

ॲकरमन ब्याण्णव वर्षं जगला, मासिकाचा संपादक झाला, पुष्कळ मुलाखती दिल्या. ती १९६४ मध्ये साठाव्या वर्षी गेली. तोवर कोणी तिला विचारायला आल्याचं मला तरी ठाऊक नाही. पण दोघं मिळून वाचकांच्या पत्रांचा एक अंक काढायची, १९३९ पासून १९४७ पर्यंत, पन्नासच्या आसपास अंक निघाले. एस्परांतोवर तिचा स्वतःचा एक छोटा अंकही होता. ती जे काही बोलली असेल ते त्या कागदांत आहे, आणि तो कागद हलक्या प्रतीचा, पिवळा पडलेला. अजून दहा वर्षांनी गेले तर हात लावू देतील की नाही कोण जाणे. निवृत्तीनंतर कर, असं बाबा म्हणतील. तेव्हा माझेही गुडघे आईसारखे झाले असतील.

बाबा, पुढचं तुम्हाला टोमणा म्हणून लिहीत नाही. भावे नाट्यमंदिरातल्या तुमच्या प्रयोगांच्या पत्रिका माझ्याकडे आहेत. सगळ्यांवर "वेशभूषा : संस्था" असं छापलंय. तेव्हा सगळीकडे तसंच छापायचे, तुम्ही एकट्याने काय बदलणार होतात? आणि बक्षिसाचं पाकीट तुम्ही न फोडता आईच्या हातात द्यायचात, हेही मी पाहिलंय. पण तुम्ही नारळीकरांची गोष्ट सांगायचात, की १९७४ मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने (स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून) कथा पाठवली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती बायकोकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली. तुम्हाला त्या नावाच्या युक्तीचं हसू यायचं आणि मला प्रश्न पडायचा, लिहून लिहून मंगलाताईंचा हात दुखला असेल का?

आई, तुझ्या मशीनखाली चिंध्यांवर मी झोपायचे. पायडलचा आवाज थांबला की जाग यायची. बाबांच्या त्या अंगरख्याला आजीच्या शालूची किनार लावत होतीस, आणि मी रडून तिचाच एक तुकडा बाहुलीसाठी मागितला होता. दिलास. मग डाव्या बाहीची किनार आखूड पडली, आणि बाबांनी सगळा दुसरा अंक डावा हात पाठीमागे धरून केला. परीक्षकांना तो अभिनय वाटला!

असो. आता ऐका.

पोळ्यांच्या मावशींना मी जूनपर्यंतचे पैसे पाठवलेत, त्यामुळे आईने "त्यांना कशाला, मीच लाटते" हे सुरू करायचं नाही. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा आणून दिलाय, तो शोकेसमध्ये ठेवायला दिलेला नाही. बाबांनी गॅस गीझर चालू ठेवून न्हाणीघराची खिडकी बंद करायची नाही, थंडी असली तरी. संध्याकाळी स्कूटर बंद. गुडघ्याचं ऑपरेशन मी आल्यावरच. एप्रिलच्या शेवटी महिनाभर येतेय, तिकीट काढलंय, डॉक्टरांची तारीख दादा घेईल. रिव्हरसाइडची खोली चांगली आहे, कुकर नेतेय, मेतकूट पुष्कळ आहे. पाठवू नका.

२०१९च्या पुरानंतर माळ्यावर चढवलेली नाटकाची ट्रंक दादाकडून खाली काढून घ्या. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. आई, त्यातला कुठला कपडा कुठल्या नाटकाचा आणि कापड कुठून आणलं होतंस, ते एकेक करून नातीला सांग. ती फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवेल. मला काय आठवतंय, असं म्हणू नकोस. उधारीवर घेतलेल्या मांजरपाटाचा भावसुद्धा तुला आठवतो.

तुमची,
ताई

ता. क. न्हाणीघरात धरायला दांडी बसवणारा माणूस गुरुवारी अकराला येईल. त्याला परत पाठवू नका.