टाकी उपसण्याआधी मोरीत पाणी ओतून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सेप्टिक टाकीच्या दुर्गंधीवरचा लेख वाचला. त्यात उपाय दोनच होते: टाकी उपसून घ्या आणि मग दर महिन्याला जिवाणूंची पावडर कमोडमधून सोडा. हे दोन्ही करून झालं आहे. टाकी तर मी आठ महिन्यांत दोनदा उपसून घेतली. वास जिथल्या तिथे. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

टाकीचं कामच मुळी कुजवण्याचं. आत हवा नसते, तिथले जिवाणू मैला कुजवतात आणि त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास असतो तो या शेवटच्याचा. मिथेनला वास नसतो. टाकी रिकामी केली तरी घरातलं सांडपाणी काही दिवसांत ती पुन्हा भरतं आणि वायू पूर्ववत सुरू होतो. तेव्हा वास तयार होणारच. तो घरात कुठल्या वाटेने शिरतो, ते शोधायचं.

आमच्याकडे ती वाट निघाली मागच्या न्हाणीघरात. मुलगी शिकायला बाहेर गेली, तेव्हापासून तिथे कुणी अंघोळ केली नव्हती. दुसऱ्या उपशानंतर आलेल्या प्लंबरने टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बॅटरी मागितली, मोरीतली जाळी उचलली आणि म्हणाला, "काकू, ट्रॅपमध्ये पाणीच नाही." बादलीभर पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत वास गेला! मोरीतला नहाणी ट्रॅप, बेसिनखालचा वाकडा पाइप, कमोडमधलं साठलेलं पाणी, सगळ्यांचं काम एकच. दोन इंच पाणी अडून राहतं आणि खालचा वायू वर येऊ देत नाही. महिनाभर वापर नसला की ते वाळून जातं. "आठवड्याला तिथे तांब्याभर पाणी ओततो," म्हणणाऱ्या नवऱ्यावर आता मी विसंबत नाही, स्वतः ओतते. घर बंद ठेवून जायचं असेल तर वरून चमचाभर तेल सोडावं. तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही.

ट्रॅप भरलेला असूनही वास येतो, आणि फ्लश केल्यावर बेसिन किंवा मोरी गुडगुडते, तर छतावर जाऊन व्हेंट पाइप बघावा. हा पाइप वायू बाहेर सोडतो तसाच नळ्यांमध्ये हवाही आत घेतो. पक्ष्याचं घरटं किंवा पालापाचोळा त्यात अडकला की फ्लशचं पाणी जाताना ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. तोंडाला डासांची जाळी जरूर लावावी, पण ती अधूनमधून झाडावी लागते. काही घरांत हा पाइप खिडकीच्या खालीच संपवलेला दिसतो. बांधणाऱ्याचे चार फूट वाचले आणि राहणाऱ्याची खिडकी कायमची बंद! तो छताच्या वर न्यायलाच हवा.

कमोड हलत असेल तर बुडाचं सील गेलेलं असतं. चेंबरच्या झाकणाला फट असेल तर अंगणात वास येतो. शोषखड्ड्याजवळची माती सतत ओली आणि वास मारणारी असेल, तर मात्र दुखणं मोठं आहे. पाणी जिरत नाही, आणि तिथे जाणकारच हवा.

उपसायची गरज नाही असं मी म्हणत नाही. तळाचा गाळ आणि वरची साय मिळून टाकीच्या खोलीचा एक तृतीयांश भाग झाला की उपसायलाच हवी, नाहीतर गाळ शोषखड्ड्यात उतरतो. पावडरीचं मात्र मला कोडंच आहे. लागणारे जिवाणू मैल्यातूनच रोज टाकीत जातात. त्यांना मारतो आपणच, संडासात बाटल्याच्या बाटल्या ॲसिड आणि फिनेल ओतून.

आता लेखातल्या एका ओळीबद्दल. "झाकण उघडून आत डोकावून पातळी बघावी," असं त्यात सहज लिहिलं आहे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, टाकीत साठून राहतो, आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणून धोका टळला असं वाटतं ते नेमकं तेव्हाच. आत प्राणवायू कमी, वर मिथेन पेट घेणारा. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला उतरलेलाही तिथेच राहतो. टाकीत डोकावू नये, काडी पेटवू नये, कुणालाही आत उतरवू नये; उपसा बाहेरून, पाइप टाकून, यंत्रानेच व्हावा. ती ओळ दुरुस्त करून येत्या रविवारी त्याच जागी छापावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक