तुराट्या जाळू नका

औसा,
१२ जानेवारी

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुरीची रास झाली असेल. तुराट्या चुलीला लावायच्या आधी शंभरेक बाजूला काढा. कशाला ते सांगते.

शनिवारी आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची, शिक्षण परिषद झाली. एरवी तिथं परिपत्रकं वाचतात, ऑनलाइन माहिती कुणाची राहिली ते विचारतात आणि चहा होतो. या वेळी एका बाईंनी दीड तास एकच उदाहरण घेतलं, ५२ वजा २७. निवृत्तीला आलेले गुरुजीसुद्धा सतरंजीवर बसून काड्यांच्या जुड्या सोडत होते. परतताना एसटीतच मी सोमवारच्या पाठाचं टाचण बदललं.

तिसरीतली बरीच मुलं याचं उत्तर ३५ लिहितात. आपण म्हणतो, हातचा विसरला. विसरलेलं काही नसतं. दोनातून सात जात नाहीत म्हणून पोर सातातून दोन काढतं. मोठ्यातून लहान, हा त्याचा नियम. त्याच नियमानं ४०२ वजा १७८ चे ३७६ येतात. पाठीत धपाटा घालून असला नियम जात नाही.

आता काड्या. ५२ म्हणजे दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या. सात काढायच्या तर सुट्या पुरत नाहीत, मग एक जुडी सोडायची. चार जुड्या, बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून दोन गेल्या. पंचवीस. ‘शेजाऱ्याकडून उसना घे’ असं म्हणायचंच नाही, कारण परत कधी करायचा हे पोरं विचारतात आणि आपल्याकडं उत्तर नसतं. बाबा, तुम्ही बाजारात नोट मोडता, तसा दशक मोडायचा. ४०२ मध्ये दशकाच्या घरात शून्य, तिथं शंभराचा भारा सोडून दहा जुड्या करायच्या, त्यातली एक मोडायची. तीन भारे, नऊ जुड्या, बारा सुट्या. उत्तर २२४.

बिघडतं ते दोन ठिकाणी. जुडी गुरुजीच सोडून दाखवतात आणि पोरं नुसती बघतात. किंवा एखाद्या जुडीत नऊच काड्या निघतात, मग सगळा हिशोब फसतो आणि पोराचा काड्यांवरचा विश्वास उडतो. फळ्यावरची मांडणी काड्यांच्या शेजारीच, एकेक पायरी करत लिहायची. काड्या आज आणि मांडणी पुढच्या आठवड्यात केली की दोन्ही वेगळीच गणितं वाटतात.

आणखी एक गाठ आपल्या भाषेचीच आहे. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून पोर ७२ लिहितं. एकोणपन्नासात पन्नास ऐकून ५९ लिहितं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आणलं तेव्हा केवढी टिंगल झाली! मला ते जोडीला ठेवावंसं वाटतं. वीस सात म्हटलं की दोन जुड्या नि सात काड्या लगेच उचलता येतात. सत्तावीस तर यायलाच हवं, बाजारात कोणी वीस सात म्हणणार नाही.

तुराट्या पेन्सिलीएवढ्या जाड बघा. बुडख्याकडचा जाड भाग नको, शेंड्याकडच्या बारीक काड्या मोडतात. कोयत्यानं तोडलं की टोक फाटून बोटात कूस जाते, म्हणून एक्साच्या पानानं पाच-पाच इंचाचे तुकडे करा. आठ दिवस कडक उन्हात टाका. ओल्या बांधल्या तर वाळून आक्रसतात आणि जुडी ढिली पडते. चौघांच्या गटाला ११० लागतात, माझे पाच गट, म्हणजे साडेपाचशे. रबर बँड उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्ध्या इंचाच्या चकत्या कापल्या तर वर्षभर टिकतात. माळवदावर एक ट्यूब पडलेली आहे, तीही द्या.

मामा लातूरला येतील तेव्हा पोत्यात भरून पाठवा. आई, तू हौसेनं जुड्या बांधशील, तर बांधू नकोस. दहा मोजून बांधायचं काम पोरांनाच करायचंय.

तुमची,
धाकटी