जिवाणूची चाल दिशाहीन नसते

मा. संपादक,
स. न.

कालच्या विज्ञान पानावरचा जिवाणूंवरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार. पण ‘आत कसलीच रचना नसलेली पिशवी’ आणि ‘दिशाहीन वळवळ’ हे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

मी एकतीस वर्षं इथल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. १९८८ च्या प्रात्यक्षिक परीक्षेला खोलगट काचपट्ट्या मीच मांडल्या होत्या. कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीन, खाली लोंबता थेंब, वाळलेलं गवत भिजवलेल्या पाण्याचा. एका मुलीने लिहिलं, ‘सरळ जातो, जागच्या जागी गडबडतो, मग भलतीकडेच निघतो.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘ब्राउनियन’, म्हणजे ही जिवाणूची स्वतःची चाल नव्हे, पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी थरथर. मी शेजारच्या ओट्यापाशीच उभा होतो. दहा मिनिटांपूर्वी मीही त्याच काचपट्टीत तेच पाहिलं होतं. तोंड उघडलं नाही. ते अजून खुपतं.

हॉवर्ड बर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूची हीच चाल १९७२ मध्ये मोजून दाखवली होती. साधारण एक सेकंद धाव, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढी गिरकी, पुन्हा धाव. अन्नाकडे जात असला तर धाव लांबते. हे ठरवतात पेशीतली प्रथिनं. बाहेरची खबर लागली की ‘चे-ए’ आपल्याकडचा फॉस्फेट ‘चे-वाय’ला देतं, ते जाऊन कशाभिकेच्या, म्हणजे पोहायच्या शेपटीसारख्या धाग्याच्या, मुळाशी असलेल्या मोटारीला चिकटतं आणि मोटारीची फिरण्याची दिशा बदलते. मिक्सोकॉकस या मातीतल्या जिवाणूला तर कशाभिकाच नाहीत, तो पृष्ठभागावर सरकतो. पुढच्या टोकाला ‘एमजीएलए’ हे प्रथिन, मागच्या टोकाला ‘एमजीएलबी’. दोघांनी जागा बदलल्या की त्याचं पुढचं टोक मागचं होतं. पिशवीला पुढचं-मागचं कुठून येणार? याच जोडीवर आपल्या पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत संशोधन झालं आहे. छापण्याआधी तिथे एक फोन तरी करायचा होता.

आणि लेखातली ती आकृती! ई. कोलायच्या एकाच टोकाला एकच कशाभिका काढली आहे. त्याला त्या अनेक असतात आणि अंगावर कुठूनही निघतात. आमच्याकडे एवढ्यासाठी मुलांचे गुण जायचे.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी ही विनंती. ती मुलगी अजून पुण्यात असेल, तर तिच्या वाचनात येईल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कोथरूड, पुणे