घड्याळातलं रबर कधी बदलायचं, हे समजावून सांगणाऱ्या घड्याळजी काकांना

आदरणीय काका,

तुमचे आभार दुकानात मानून झाले होते. तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण पाऊस तोंडावर आला की माझा प्रश्न पुष्कळांना पडतो: घड्याळात पाणी जाऊ नये म्हणून आतली रबरं बदलून घ्यावीत का, आणि कधी?

'बदलून टाकू' म्हणून तुम्ही मोकळे होऊ शकला असतात. तुम्ही आधी विचारलंत, ताई, आंघोळीला घड्याळ काढता का? पोहायला जाता का? सेल बदलला तेव्हा मागच्या झाकणाचं रबर नवीन घातलं होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग झाकण उघडून ते रबर तुम्ही मला भिंगातून दाखवलंत. गोल असायला हवं ते चपटं झालं होतं आणि त्याची चमक गेली होती. दाबून राहिलेलं रबर हळूहळू पुन्हा फुगायचं विसरतं, आणि घाम, साबण, अत्तर, गरम पाणी ते आणखी लवकर कडक करतात, हे तुम्ही तिथेच सांगितलंत.

खरी समज मात्र त्यानंतरच्या चाचणीने दिली. झाकण परत बसवून घड्याळ तुम्ही पाण्याच्या वर हवेच्या दाबात ठेवलंत, मग पाण्यात बुडवून दाब हळूहळू उतरवलात. आत शिरलेली हवा जिथून बाहेर येईल तिथे गळती. मी झाकणाकडे टक लावून बसले होते आणि बुडबुडे निघाले चावीपाशी! चपटं झालेलं मागचं रबर अजून धरून होतं. वेळ लावायला चावी ओढली-फिरवली जाते, म्हणून तिच्या आतलं रबर आधी झिजू शकतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. नुसतं झाकणाचं रबर बदलून मी निर्धास्त घरी गेले असते, तर पाणी चावीतून आत गेलंच असतं.

झाकणावरच्या '५० मीटर'बद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात. तो नव्या घड्याळाने स्थिर पाण्यात सोसलेला दाब, साधारण ५ बार. जुन्या रबराला तो आकडा लागू नाही. आणि गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच थंड पाणी लागलं, तर आतली हवा आकसते आणि सैल जागेतून ओल आत ओढली जाते. आमच्याकडे हिवाळ्यात हे रोज घडतं.

तुम्ही घालून दिलेला क्रम मी आता घरात सगळ्यांना सांगते. सेल बदलायला झाकण उघडलं की मागचं रबर नवीन घालायचं, जुनं कितीही बरं दिसो, आणि बंद करताना त्याला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यायचा. पोहणाऱ्याने दरवर्षी दाबाची चाचणी करून घ्यायची. बाकीच्यांनी निदान झाकण उघडलं जाईल तेव्हा तरी, बंद केल्यावर. चाचणीत चावी गळली तर तेव्हाच ती बदलायची. काचेच्या आत वाफ दिसली, तर तारखेचा हिशोब सोडून त्याच दिवशी घड्याळ उघडायला द्यायचं, आणि समुद्राचं पाणी असेल तर तासही दवडायचा नाही. मला हा क्रम पटतो, कारण तो वर्षं मोजत बसण्यापेक्षा घड्याळ कसं वापरलं जातं ते बघतो.

माझ्या घड्याळाची चावी तुम्ही अख्खी बदललीत, कारण तिच्यातलं रबर सुटं मिळत नव्हतं. मागचं रबरही घातलंत आणि पुन्हा चाचणी घेतलीत. या वेळी एकही बुडबुडा आला नाही, आणि तो निकाल तुम्ही मला माझ्या डोळ्यांनी बघायला लावलात. गिऱ्हाइकाला एवढा वेळ देणारे कारागीर भेटणं हे माझं भाग्य. मनापासून आभार, काका. शेजारच्या दादांचं घड्याळ या आठवड्यात तुमच्याकडे येतंय. ते रोज तलावावर पोहायला जातात.

आपली कृतज्ञ,
एक गिऱ्हाईक