पतंग न सोडणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. विचारायचं राहून गेलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या दुपारी मला ते विचारायचंच नव्हतं. चिडलो होतो मी तुमच्यावर. नाव नाही, पत्ता नाही, म्हणून हे पत्र असं उघड्यावर ठेवतोय. वाचलंत तर मी कोण ते तुम्हाला लगेच कळेल: ठिगळं लावलेला पिवळा पतंग, १२ चौरस मीटरचा, आणि "अंगठा दाखवला ना, मग सोडा की!" असं वाऱ्यावर ओरडणारा मुलगा.

तुम्ही सोडला नाहीत.

काइटबोर्डिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवर उभं राहून पाण्यावरून सरकण्याच्या खेळाचे, धडे संपून मला जेमतेम आठवडा झाला होता. धड्यांच्या वेळी पतंग मांडून, दोऱ्या जोडून द्यायला कायम कोणीतरी असायचं. मी फक्त उडवायचो, आणि उडवता येतं म्हणजे सगळं येतं अशी माझी समजूत. पतंग जुना, कोणाचा तरी वापरलेला, स्वस्तात मिळालेला. किनाऱ्यावर आलो, पंप मारला, दोऱ्या पसरल्या, जोडल्या आणि जवळ दिसलेल्या पहिल्या माणसाला, म्हणजे तुम्हाला, "जरा धरता का?" असं विचारलं. तुम्ही पुढची फुगवलेली नळी मधोमध धरून पतंग एका टोकावर उभा केलात. मी २४ मीटर लांब, हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) हूक अडकवून, बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला दांडा, हातात घेऊन तयार. अंगठा वर केला. तुम्ही मान हलवलीत, पतंग पालथा घालून त्यावर भरपूर वाळू ओढलीत आणि दोऱ्यांच्या कडेकडेने माझ्याकडे चालत आलात. चालताना एकेक दोरी बोटांवर घेऊन पाहत होतात. मला वाटलं, आता ही बाई व्याख्यान देणार.

"आधी हूक काढ," एवढंच म्हणालात. मग, "ही डावी पुढची दोरी कुठे जोडलीस, सांग."

मी सांगितलं ते चूक होतं. चार दोऱ्या असतात: मधल्या दोन पुढच्या, भार घेणाऱ्या; बाहेरच्या दोन मागच्या, वळवणाऱ्या. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बनवणारेच सोय करून ठेवतात. पतंगावर पुढच्या जोडाला गाठ असेल तर मागच्याला फास, आणि दोऱ्यांच्या टोकांना बरोबर त्याच्या उलट. चुकीचं जोडायला गेलात तर जुळतच नाही. पण माझ्या पतंगाच्या आधीच्या मालकाने झिजलेली टोकं बदलताना पतंगावर सगळीकडे गाठी बांधल्या होत्या आणि दोऱ्यांना सगळीकडे फास. त्यामुळे काहीही कशालाही जुळत होतं. जुळलं म्हणजे बरोबर, असं धरून मी डाव्या बाजूच्या दोन्ही दोऱ्या एकमेकींच्या जागी अडकवल्या होत्या.

तो पतंग उठला असता तर काय झालं असतं, हे तुम्ही शब्दांत सांगितलं नाहीत. बार माझ्या हातात ठेवलात आणि तुमच्या तळहाताचा पतंग करून दाखवलंत. डाव्या टोकाची मागची कड ताणलेली, पुढची सैल. पतंग वर चढण्याऐवजी डावीकडे गिरक्या घेत सुटतो आणि प्रत्येक गिरकीला ओढ वाढत जाते. घाबरून बार सोडला तरी डावी बाजू ढिली पडत नाही, कारण भाराची दोरीच मागच्या कडेला अडकलेली. तुमचा तळहात फिरत फिरत माझ्या मागच्या दगडांकडे गेला आणि तिथेच थांबला. ते दगड मी तोवर पाहिलेच नव्हते.

बरं, चूक तेवढीच नव्हती. "पतंग माझ्या हातात एवढी ओढ का घेत होता?" असं तुम्ही विचारलंत. मी अभिमानाने म्हणालो, वारा चांगला आहे म्हणून. तुम्ही हसलात. (ते हसणं मला तेव्हा फार लागलं.) मग काठीने वाळूवर अर्धवर्तुळ काढलंत. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की पतंग जिथे जिथे जाऊ शकतो तो सगळा आपल्या पुढ्यातला पाव गोल. डोक्यावर १२ वाजले, एका हाताला ९, दुसऱ्या हाताला ३. या कडेकडेने पतंग फिरला तर ओढ बेताची. मधोमध, खाली, म्हणजे वाऱ्याच्या पोटात गेला की ओढ सगळ्यात जास्त. पतंग सोडायचा तो कडेवरून. मी वाऱ्याच्या दिशेला बराच वर जाऊन उभा होतो, म्हणून पतंग कडेवर न राहता पोटाकडे सरकला होता. तिथून सोडला असता तर तो चढताना मला उचलूनच घेऊन गेला असता. कापड नुसतं फडफडत असेल तर आपण एकेक पाऊल वाऱ्याकडे सरकायचं. फडफड थांबून कापड जेमतेम भरलं की ती जागा. धरणाऱ्याला तो खेचत असेल तर आपण उलट, वाऱ्याखाली यायचं. पाण्याच्या बाजूला सोडायचा, वर गेला की मिरवत १२ वर धरून ठेवायचा नाही, खालीच ठेवून लगेच पाण्यात शिरायचं. वारा थेट किनाऱ्यावर येत असला तर सांभाळून, किनाऱ्याकडून समुद्राकडे जात असला तर घरी जायचं. हे शेवटचं तुम्ही बोटाने दम देत सांगितलं होतंत.

मी वारा १४ नॉट (ताशी सागरी मैल) मोजून आलो होतो, आणि मांडामांड होईपर्यंत तो २० च्या घरात गेला होता. मी म्हणालो, सहाच तर वाढला. त्यावर तुम्ही वाळूत गणित मांडलंत: ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. १४ चा वर्ग १९६, २० चा ४००. म्हणजे मी मोजलेल्या वाऱ्यासाठी आणलेला पतंग आता दुप्पट ओढणार होता. वर्गाचं हे गणित शाळेत घोकलं होतं, पण त्याची भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. "आज १२ चा नाही. ९ चा आहे?" माझ्याकडे एकच पतंग होता. "मग आज उडवायचा नाही," असं तुम्ही इतक्या सहज म्हणालात की मला वाद घालायलाही जागा सापडेना.

मी तेव्हाच सामान गुंडाळून निघून जायला हवं होतं, आणि निघालोही होतो. तुम्ही मात्र स्वतःचा पतंग बाजूला ठेवून, ऐन वाऱ्यात, दुपार माझ्यावर खर्च केलीत. न उडवता मला तो पाच वेळा मांडायला लावलात. आता मी स्वतः पाण्यात जायला आतुर असतो तेव्हा कळतं की २० नॉटचा स्वच्छ वारा कोणा अनोळखी, तुसड्या मुलासाठी सोडून देणं म्हणजे काय. आभार खरे तर त्याचे आहेत.

पाचही वेळा काहीतरी चुकलं. एकदा पुढची नळी मऊ राहिली. तुम्ही टिचकी मारलीत, आवाज भद्द आला. हवेचा दाब ६ ते ८ पीएसआय, पतंग लहान असेल तर जास्त, मोठा असेल तर कमी. टिचकीला टण्ण वाजलं पाहिजे, नाहीतर झोताच्या वाऱ्यात हवेतच दुमडतो. एकदा कन्नीच्या बारीक दोऱ्यांना टोकापाशी पीळ पडला होता. एकदा मी दोऱ्या चालून न पाहता "पाहिल्या" म्हणालो. ते तुम्हाला कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग क्विक रिलीज, म्हणजे पतंग हार्नेसपासून झटकन सोडवायची कळ. तुम्ही म्हणालात, डोळे मीट आणि सोड. मी ढकललं, हललंच नाही. दुसऱ्यांदा जोर लावला, तरी नाही. आत वाळू भरली होती. बाटलीतल्या पाण्याने ते धुऊन तुम्ही परत माझ्या हातात दिलंत तेव्हा मी पहिल्यांदा गप्प झालो. दोऱ्या उलट, जागा उलट, पतंग मोठा, मागे दगड, आणि या सगळ्यावरचा शेवटचा उपाय वाळूने बंद. त्यानंतर वीस वेळा डोळे मिटून सोडायला लावलंत. डाव्या हाताने, उजव्या हाताने, पाठीवर पडून. क्रम ठरलेला: आधी बार सोडायचा, तेवढ्याने भागलं नाही तर चिकन लूप (बार हार्नेसच्या हुकाला अडकवणारं कडं) सोडायचा, म्हणजे पतंग एका पुढच्या दोरीवर लटकून मरतो, तरीही ओढतच राहिला, दुसऱ्याच्या पतंगात अडकला असेल वगैरे, तर लीश, म्हणजे पतंग अंगाशी जोडून ठेवणारी शेवटची दोरी, तीही सोडायची आणि पतंगावर पाणी सोडायचं. माणसाची खोड अशी की पडायला लागलं की हातातलं घट्ट धरतो, आणि इथे बार ओढला की पतंग आणखी जोर करतो. लहानपणी पतंगाला ढील द्यायला शिकलो होतो, पण जीव घाबरा झाला की ढील देणं हाताला वेगळं शिकवावं लागतं.

"आमच्या वेळी बार सोडून फारसा उपयोग नसायचा," असं तुम्ही मधेच म्हणालात आणि कोपरावरची जुनी खूण दाखवलीत. नंतर मी वाचलं. फुगवायच्या पतंगाचं पेटंट ब्रुनो आणि डोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये घेतलं. पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठवता यावा हा त्यामागचा हेतू. पण सुरुवातीच्या खोल कमानीच्या पतंगांची ओढ बार सोडूनही थोडीशीच कमी व्हायची. ती जवळजवळ पूर्ण मारता येईल असा चपटा, धनुष्यासारखा आकार ब्रुनो यांनीच पुढे, २००५ च्या सुमारास आणला. म्हणजे तुम्ही शिकलात तो काळ पतंग हाताबाहेर गेला तर काही खरं नाही असा होता. तुमच्या शिस्तीचं मूळ मला त्या खुणेत दिसतं.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगतो. सात-आठ महिन्यांनी भर पाण्यात वारा पडला. पतंग पाण्यावर आडवा झाला आणि उठेना, किनारा अर्धा किलोमीटर लांब. वाळूवर तुम्ही करून दाखवलेलं जसंच्या तसं केलं. चिकन लूप सोडला. लीशच्या एका दोरीवरून स्वतःला पतंगाकडे ओढत ती बारवर गुंडाळत गेलो, हाताभोवती मात्र एकदाही नाही. ("बोटं मोजून घरी न्यायची," असं म्हणाला होतात.) थोडी गुंडाळली की बारच्या टोकाला वेढा मारून अडकवायची, मग बाकीच्या तिन्ही एकदम गुंडाळायच्या. पतंगापाशी पोचल्यावर त्याचं एक टोक धरून शिडासारखं वळवलं आणि जे काही वाऱ्याचे चार श्वास होते त्यांवर, पोटावर पडून, चाळीस-एक मिनिटांत काठाला लागलो. कोणाला हाक मारावी लागली नाही. दमलो होतो, पण भीती वाटली नाही.

आणखी एक. पतंग सारखा मागे कलंडून पडायला लागला तेव्हा मी आधी पतंगालाच नावं ठेवली. मग आठवलं: चारही टोकं एका खुंटाला बांधून, बार समोर धरून सारख्या ताणायच्या. पुढच्या दोऱ्या भार घेऊन घेऊन चार-एक सेंटीमीटर लांबल्या होत्या. त्यामुळे मागच्या आपोआप आखूड पडून पतंगाला मागे खेचत होत्या. गाठी सरकवल्या, पतंग शहाणा झाला.

आता मीही लोकांचे पतंग धरतो. धरायच्या आधी दोऱ्या चालून पाहतो, काही जण वैतागतात, एकाने तर "काका, तुम्हाला येतं का?" असंही विचारलं. उतरायचंय म्हणून कोणी डोक्यावर थापटून खूण केली की हातातलं टाकून धावतो, आणि पतंग नळीलाच धरतो, दोरीला हात लावत नाही. दोघांना अंगठा नाकारलाय आजवर. दुसरा चिडून निघून गेला. त्याला तुमच्यासारखं थांबवून ठेवता आलं नाही मला. नुसतं नाही म्हणणं आलं, पुढची दुपार देणं जमलं नाही. त्या दिवशी वारा फार सुंदर होता.

जाताना तुम्ही तुमचा दोरी कापायचा आकडी सुरा माझ्या हार्नेसच्या खिशात खोचलात, "तुझ्याकडे नाही वाटतं" म्हणत. मी धन्यवाद म्हणालो नाही. सामान उचललं आणि चालू पडलो.

तो सुरा अजून माझ्याकडे आहे. खाऱ्या पाण्याने पातं गंजलं, ते बदललं, मूठ तुमचीच. एकदाच वापरावा लागला, आणि तोही माझ्या नाही, दुसऱ्याच्या पायाभोवती गुंतलेल्या दोरीवर. धन्यवाद, ताई. भेटलात तर सुरा परत देईन. मी हल्ली दुसरा जवळ ठेवतो.

तुमचा,
पिवळ्या पतंगवाला